चढणीची माणसं

३ तारीख, सोमवार

आणि वर दादाचं म्हणणं असं, की मी बसून खातो. फोनवर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. मागे वहिनी हसली तेही मला स्पष्ट ऐकू आलं. “लोकांचे भाऊ राबून थकतात, आमचा बसून थकतो!” आता बसून करायचं काम माणूस बसूनच करणार ना? उभं राहून मोजलं तर रस्त्यावरची माणसं वाढतात काय? पण दादाला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शेळ्यांच्या वेळीही असंच झालं. आधी विकल्या, मग मला समजावलं. माझ्या हाताखाली वाढलेल्या छत्तीस शेळ्या. त्या पैशातून त्याने एका जुन्या प्रवासी गाडीचा विसार दिला. म्हणे आपल्याकडे माणसांना कुठे जायचं म्हटलं की पाय तेवढे आहेत, पुढचा काळ गाडीचा आहे. बरं, असेल. पण राहिलेल्यातले आठ हजार या एकतीस तारखेला मी पाठवायचे, नाहीतर विसार बुडाला. म्हणजे शेळ्याही गेल्या आणि गाडीही. तेव्हा कुणाच्या बसण्यावर कुणाची गाडी चालणार आहे, हे त्याने एकदा स्वतःला विचारावं.

हे मी मोजणीच्या वाया गेलेल्या कागदांच्या पाठीवर लिहितोय. मास्तरांनी सुचवलं. मास्तर म्हणजे चौकाच्या पलीकडच्या कोपऱ्यावर बसून मोटारी आणि बस मोजणारे गृहस्थ. तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते, अजून कुणी जवळून गेलं की त्यांचा हात तिकिटाला जातो. म्हणाले, “दुपारी डोळा लागतो ना तुझा? लिहीत जा. लिहिताना झोपलेला माणूस मी अजून पाहिला नाही.” मी चौथीपर्यंत शिकलोय, पण अक्षर बरं आहे.

काम असं आहे. या शहरात एक कार्यालय आहे. वीस वर्षांनंतर इथल्या माणसांनी ये-जा कशी करायची, ते तिथे आत्ताच ठरवतात. धूर कमी, गोंगाट कमी, विजेवरच्या छोट्या गाड्या, पायी जाणाऱ्याला सावली. पण ते ठरवायच्या आधी आज कोण कसं जातं ते मोजावं लागतं, आणि चढणीच्या रस्त्यावर ते मोजणारा मी. चढण जिथे खाली चौकाला मिळते तिथे माझं स्टूल. सकाळी सहा ते दहा, संध्याकाळी चार ते आठ. रकाने तीन: पायी, सायकल, हातगाडी. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. दर पंधरा मिनिटांनी नवी ओळ.

साहेबांनी पहिल्या दिवशी दोन मिनिटांत शिकवलं. “दिसेल त्याची रेघ. डोळ्यांत तेल घालून बस.” मी म्हटलं, साहेब, मोजणं मला शिकवू नका, नऊ वर्षांचा असल्यापासून कळप मोजतोय. ते घड्याळ बघत निघून गेले. उंटावरून शेळ्या हाकणारे असेच.

४ तारीख, मंगळवार

माणूस चालीवरून ओळखावा. तोंड रोज बदलतं, चाल बदलत नाही. तीन आठवड्यांत मला चढणीवरची जवळजवळ सगळी माणसं पाठ झालीत. लाल पिशवी: टाच आधी टेकते. चाव्यांचा जुडगा: वाजत येतो, वाजत जातो. धुलाई कारखान्यातल्या सात जणी एकमेकींना धरून उतरतात, जणू रस्ता निसरडा आहे. आणि शिंपीकाका. डावा पाय ओढतात, उजव्या हाताने भिंत चाचपतात. सकाळी उतरायला त्यांना सात मिनिटं लागतात. संध्याकाळी चढायला पस्तीस. मध्ये तीन थांबे: विजेचा खांब, औषधाच्या दुकानाची पायरी, आणि वरचा नळ.

कळप मोजायची एक रीत आहे, ती इथे कुणाला ठाऊक नसावी. सकाळी सोडताना मोजायचं. संध्याकाळी परत मोजायचं नाही, फक्त बघायचं की सोडलेल्या सगळ्या आल्या का. सकाळच्यांत संध्याकाळच्या मिळवल्या तर छत्तीसच्या बहात्तर होतील, आणि गुराखी खुशाल झोपेल, गोठा निम्मा रिकामा असला तरी. म्हणून संध्याकाळी मी रेघ मारतो ती फक्त नव्या चालीला. बाकीची माणसं चढायला लागली की मनात म्हणतो: आली, हा आला, ही पण आली. कुणी आलं नाही तर ते मागच्या पानावर लिहून ठेवतो. आज दोघं नाहीत: चाव्यांचा जुडगा आणि धुलाईतली सर्वांत बुटकी.

बुटकीची वाट बघत आठ वाजून गेल्यावरही थोडा वेळ बसलो. त्याचे पैसे मिळत नाहीत.

७ तारीख, शुक्रवार

बुटकी बुधवारी दिसली. बहिणीकडे मुक्काम केला असणार, डोक्याला वेगळं तेल होतं. जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी कागद जमा करताना मास्तरांनी माझा कागद उलटासुलटा करून पाहिला. “काय रे, संध्याकाळी तुझ्या बाजूची माणसं उडत जातात वाटतं?”

मी म्हटलं, “का?”

“कागद कोरा दिसतो.”

“सकाळचा बघा की. भरगच्च आहे.”

“हो बाबा, भरगच्च आहे,” म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले. त्यांना सगळ्यात खोट काढायची सवय. तीस वर्षं बिनतिकीट माणसं शोधली, आता बिनरेघेची शोधतात. साहेब बिचारे काही बोलत नाहीत, न बघता सही ठोकतात.

९ तारीख, रविवार

रविवारी मोजणी नसते. खोलीत एकच खाट आहे, ती माझी आणि बेकरीवाल्याची मिळून. तो रात्रभर पाव भाजतो आणि दिवसा झोपतो, मी उलट. सहा दिवस आमची गाठ दारातच पडते. खाट कधी गार होत नाही आणि उशीला कायम पिठाचा वास येतो. पण रविवारी दोघंही घरी. तो म्हणाला, “आज कोण खाली?” मी म्हटलं, मी फिरून येतो.

चढण पहिल्यांदा स्वतः चढलो. खालून ती दिसते त्यापेक्षा उंच आहे. वरच्या नळापाशी बसलो आणि डोळे अर्धे मिटले. मग तो रस्ता मला वीस वर्षांनंतरचा दिसायला लागला. मोटारी नाहीत. दोन्ही बाजूंना झाडं, सावली मधोमध एकमेकांत मिसळलेली. इतकं शांत, की कुणाच्या तरी खिडकीत चमचा पडल्याचं ऐकू येतं. आणि खालून एक छोटी गाडी येते, आवाज नसलेली, गळ्यात घुंगरू नसलेल्या शेळीसारखी. अचानक जवळ येऊन उभी राहते. दार उघडतं. आतून कुणी म्हणतं, येताय ना? मी म्हणतो, नाही, मी इथला नाही, मी नुसता मोजणारा. तर म्हणतात, मग तुम्हाला कुणी मोजलं?

वीस वर्षांनी मी त्रेचाळीसचा असेन. तेव्हा हे आठवेल का, की हा रस्ता मी आधी पाहिला होता?

उतरताना गुडघे भरून आले.

१२ तारीख, बुधवार

कागद पोचवायला कार्यालयात गेलो. तिथे एक बाई आहेत, डोक्यात पेन्सिल खोचलेल्या, डबा उभ्यानेच खातात. सगळे त्यांना नकाशेबाई म्हणतात. भिंतीवर सबंध शहराचा नकाशा, त्यावर टाचण्या, आणि टाचण्यांना गुंडाळलेला लाल दोरा. दोरा खालच्या चौकातून निघून माझ्या चढणीवरून सरळ वर गेलेला.

मी विचारलं, “हा दोरा म्हणजे काय?”

“ही गाडी. विजेवरची, छोटी. दर दहा मिनिटांनी.”

“वीस वर्षांनी?”

“सगळा आराखडा वीस वर्षांनी. पण चाचणीची एक गाडी तीन महिन्यांत सुरू करायची आहे. एकच रस्ता निवडायचा: तुझी चढण नाहीतर नदीवरचा रुंद रस्ता. मला चढण हवी आहे. पण माझ्या हवं-नको म्हणण्यावर कोण पैसे देतं? आकडे लागतात.”

“आकडे कोण देणार?”

“तू,” म्हणाल्या, आणि डब्याचं झाकण लावलं.

मला एकदम उंच झाल्यासारखं वाटलं. मग त्यांनी टेबलावरची प्रतिकृती दाखवली. बुचाची झाडं, पुठ्ठ्याची घरं, काडीएवढी माणसं. काही माणसं एका वाटीत होती, अजून चिकटवायची राहिलेली. म्हणाल्या, “लाव हवी तिथे, तुझाच रस्ता आहे.” मी एक माणूस घेतला, त्याचा डावा पाय नखाने किंचित वाकवला आणि वरच्या नळापाशी, थांब्याच्या बाकावर बसवला.

“हा कोण?”

“शिंपीकाका. चढून आलेत.”

“चढून नाही,” त्या म्हणाल्या. “गाडीतून आलेत.”

परत येताना सगळ्या शहरावर लाल दोरा पसरलाय असं वाटत होतं, आणि मी तो तुडवू नये म्हणून जपून चालत होतो.

१३ तारीख, गुरुवार

आज न राहवून शिंपीकाकांना गाडीचं सांगितलं. ते खांबाला टेकून पहिला विसावा घेत होते.

“तीन महिन्यांत?” त्यांनी बोटांवर मोजलं. “मग दुकान ठेवतो म्हणायचं. मुलगी मागे लागली आहे, बाबा बंद करा, पाय गेले तुमचे. मी म्हटलं, पाय गेले, हात कुठे गेलेत? पण ही चढण काही ऐकत नाही बघ. वर्षअखेरीला बंद करतो असं कबूल केलंय तिला.”

“करू नका. आकडे मी देतोय.”

ते हसले. “मला मोजलंस का रे?”

“तर काय! रोज सकाळी.”

“आणि आत्ता?”

“आत्ता कशाला? तुम्ही तेच ना.”

“सकाळी उतरतो तो मी नाहीच,” म्हणाले. “तो दुसराच कुणीतरी तरणा माणूस आहे. आत्ता चढतोय तो मी.” आणि भिंत चाचपत निघाले. म्हातारी माणसं कोड्यात बोलतात. मला आवडतं ते.

१६ तारीख, रविवार

घरी फोन. वहिनीने उचलला. दादा बाहेर उभा होता म्हणे. “हल्ली रोज दिवस मावळायला लागला की दारात जाऊन उभे राहतात. विचारलं तर म्हणतात, काही नाही, वारा खातोय.” विसारवाल्याची वाट बघत असेल. तारीख जवळ येते तसा त्याचा जीव टांगणीला लागणारच.

मागे शेळी ओरडली. विकलेल्या छत्तीसातली कानतुटकी ओरडायची अगदी तशी, शेवटी आवाज खाली सोडून. मी म्हटलं, वहिनी, ही कुणाची? ती म्हणाली, “असेल शेजारची,” आणि विषय बदलला. लोक म्हणतात शेळ्या सगळ्या सारख्याच ओरडतात. म्हणोत.

दादा फोनवर आला तो, “आठ हजाराचं लक्षात आहे ना?” एवढंच. मी म्हटलं, आहे. वारा ऐकू येत होता त्याच्या बाजूचा.

१९ तारीख, बुधवार

लाल दोरा चढणीवर नाही.

आधी वाटलं मी चुकीच्या भिंतीसमोर उभा आहे. दोरा चौकातून वळून नदीवरच्या रुंद रस्त्याने गेला होता. चढणीवर नुसती टाचण्यांची भोकं.

नकाशेबाई म्हणाल्या, “काय करू? तुझे पाच आठवड्यांचे आकडे जोडले. सकाळी चारशे माणसं उतरतात आणि संध्याकाळी साठसुद्धा चढत नाहीत. उतरायला गाडी कुणी देत नाही रे, चढायला देतात. साहेब म्हणाले, लोक दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने वर जातात, तर जाऊ देत.”

मी म्हटलं, “नाही हो बाई. इथूनच जातात. सगळे येतात.”

“मग कागदावर का नाहीत?”

‘सकाळीच धरले ना त्यांना,’ असं मी म्हणणार होतो. तोंड उघडलंसुद्धा. आणि तेव्हाच मला दिसलं काय झालंय ते.

त्यांनी विचारलं, बरं वाटत नाही का? पाणी दिलं. मी ते प्यालो आणि बाहेर पडलो. कार्यालयापासून चौकापर्यंत चाळीस मिनिटं. सकाळी ह्याच वाटेने गेलो होतो. परत येताना माझे पाय काही फुकट चालत नव्हते. तेवढीच पावलं, तेवढाच घाम. उलट जास्त.

२० तारीख, गुरुवार

शेळ्या मोजतात त्या किती आहेत हे कळायला. इथे मोजायचं होतं ते किती पायपीट आहे. माणूस एकच, पण चढण त्याची वेगळी आणि उतार वेगळा. एवढं साधं. शिंपीकाकांना कळलं, मला कळलं नाही. मी मोजणं शिकवू नका म्हणालो होतो साहेबांना.

सांगितलं तर? पाच आठवड्यांचे कागद रद्द. पगार रद्द. एकतीस तारीख अकरा दिवसांवर. आठ हजार गेले, विसार गेला, छत्तीस शेळ्या हवेत गेल्या. दादा म्हणेल, बसून खातो म्हटलं तर चुकलो, बसून बुडवतो.

नाही सांगितलं तर? नदीवरच्या रस्त्यालाही माणसं आहेतच. ती काय माणसं नाहीत?

आज संध्याकाळी सगळ्यांना रेघा मारायला हात उचलला होता. मग लक्षात आलं, काल साठ आणि आज एकदम चारशे म्हटल्यावर साहेबसुद्धा सही मारायच्या आधी बघतील. हात खाली ठेवला. लाल पिशवी आली, जुडगा वाजत गेला, सात जणी चढल्या, आणि कागद कोरा.

कालपर्यंत ही चूक होती.

२१ तारीख, शुक्रवार

मोजलं. म्हणजे नाही मोजलं.

२२ तारीख, शनिवार

मास्तरांनी चहा पाजला. म्हणाले, “तोंड का उतरलंय? प्रेमात पडलास की पैशात?”

मी विचारलं, “मास्तर, तुम्ही कधी कुणाचे पैसे घेऊन तिकीट दिलं नाही असं झालं?”

त्यांनी कप खाली ठेवला. “एकदा. पहिल्या वर्षी. एका बाईला उरलेली चिल्लर दिली नाही. गर्दी होती, नंतर देऊ म्हटलं. ती पुढच्या थांब्यावर उतरली.” मग म्हणाले, “तिची चाल अजून आठवते.”

मला वाटलं त्यांना सगळं कळलंय. पण ते उठले आणि पैसे देताना मला म्हणाले, “दोघांचे मी देतो, तुला दादाला पाठवायचेत.”

आज काका खांबापाशी थांबले तेव्हा मी मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत बसलो. त्यांनी हाक मारली नाही.

२४ तारीख, सोमवार

संध्याकाळी शिंपीकाका परतले नाहीत.

साडेसात झाले, आठ झाले. मागच्या पानावर त्यांचं नाव लिहायला गेलो आणि लिहवेना. स्टूल मास्तरांच्या हवाली केलं आणि काकांच्या दुकानाच्या दिशेने निघालो. दुकान बंद होतं, आणि बंद दाराबाहेर पायरीवर काका बसले होते. मांडीवर कुणाचा तरी शिवलेला कोट, घडी घातलेला.

“निघालो होतो,” म्हणाले. “पाय म्हणाला, तू जा पुढे.”

त्यांना धरून चढण चढलो. खांब. पायरी. नळ. प्रत्येक ठिकाणी ते थांबले की मीही श्वास घेत होतो, माझा नसलेला दम सोडत होतो. खांबापाशी विचारलं, “गाडीचं काय झालं रे?” मी म्हटलं, चाललंय. पायरीपाशी म्हणाले, “मुलीला सांगितलंय मी, तीन महिने थांब. आपला माणूस आहे तिथे मोजायला.”

नळापाशी मी काही बोललो नाही. त्यांची मुलगी दारात उभी होती. हातात दिवा नव्हता की काही नव्हतं, नुसती उभी, रस्त्याकडे बघत. आम्हाला पाहिल्यावर आत वळली. अशी उभी राहणारी माणसं मला का कुणास ठाऊक सहन होत नाहीत.

२५ तारीख, मंगळवार

सांगितलं.

सकाळची मोजणी झाल्यावर सरळ कार्यालयात गेलो. साहेब आणि नकाशेबाई दोघं होते. वाटेत वाक्यं जुळवली होती, ती सगळी दारातच सांडली. म्हटलं, संध्याकाळची माणसं मी धरली नाहीत. आधी चुकून. नंतर गुरुवारपासून मुद्दाम.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं, मग ते भडकले. “पाच आठवडे! अरे, आंधळ्याला बसवलं असतं तर चाहूल घेऊन मोजलं असतं त्याने! कुठे शिकलास हे?”

“शेळ्यांत.”

नकाशेबाईंनी तोंडावर हात धरला. हसत होत्या की काय कळलं नाही. मग माझ्या हातातल्या कागदांकडे बघून म्हणाल्या, “मागच्या पानांवर काय आहे?”

मी दिली. त्या एकेक वाचत गेल्या. ४ तारीख: चाव्यांचा जुडगा, बुटकी. ६ तारीख: लाल पिशवी उशिरा, साडेसातला, अर्ध्या वाटेत पिशवी खाली ठेवली. १० तारीख: हातगाडीवाला वर गेला नाही, गाडी खालीच ठेवून चालत गेला. १४ तारीख: शिंपीकाका, पायरीवर अकरा मिनिटं.

“तू रोज बघत होतास कोण घरी आलं नाही ते?”

“हो. नाहीतर मग संध्याकाळी बसायचं कशाला?”

साहेब म्हणाले, “कार्यालयाने तुला लोकांचा पालक नेमलेलं नाही.” पण आवाज खाली आला होता. शेवटी निकाल असा लागला: सकाळचे कागद ग्राह्य, संध्याकाळचे रद्द. अर्धी मोजणी, अर्धा पगार. उद्यापासून चार दिवस संध्याकाळी नव्याने मोजायचं, मास्तरांनी शेजारी बसून वेगळं मोजायचं, दोन्ही कागद जुळले तर फेरविचार. या चार दिवसांचे पैसे नाहीत.

निघताना वळून पाहिलं. नकाशेबाई खुर्चीवर चढून नदीवरच्या रस्त्यावरची शेवटची टाचणी काढत होत्या. दोरा त्यांनी कुठे लावला नाही. नुसता लोंबत ठेवला, भिंतीवरून खाली.

२६ तारीख, बुधवार

चारशे सात. मास्तरांचेही चारशे सात.

हात दुखला. एवढी माणसं रोज माझ्यासमोरून चढत होती आणि मी त्यांना मनातल्या मनात नुसता ‘आली, आला’ म्हणत होतो. आज प्रत्येकाला रेघ. आठ वाजता कागद बघितला तर उभ्या-आडव्या रेघांचं कुंपणच कुंपण, वरपासून खालपर्यंत, आणि सगळी माणसं त्याच्या आत आलेली.

शिंपीकाका आले नाहीत. पाय सुजलाय, असं लाल पिशवी सांगून गेली. तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

२८ तारीख, शुक्रवार

आज मजा झाली. शिंपीकाका दुकानात गेलेच, ऐकतात कुणाचं. आणि संध्याकाळी चढणीच्या पायथ्याशी कोण, तर आमचा बेकरीवाला, पावाची हातगाडी घेऊन, आणि गाडीत पोत्यांवर काका, मांडीवर कोट, राजासारखे.

“कामावर निघालो होतो,” बेकरीवाला ओरडला. “तुझ्या या म्हाताऱ्याने हात दाखवला. म्हणे गाडी इथे थांबते ना?”

सगळा चौक हसला. प्रश्न रकान्याचा. मास्तर म्हणाले, “बेकरीवाला पायी, गाडी हातगाडीत. काकांचं काय? मार एक रेघ पायीत, कोण विचारतंय!”

मी म्हटलं, “नको. आज ते चालले नाहीत.”

काका वरून म्हणाले, “अरे, मग मी आहे की नाही?”

कागदाच्या तळाला ‘शेरा’ अशी एक ओळ असते. कुणी ती भरत नाही. मी लिहिलं: एक माणूस गाडीतून चढला. मास्तरांनीही तेच लिहिलं.

ते वर जाताना मी बराच वेळ बघत राहिलो. चाकांचा आवाज हळूहळू नाहीसा झाला, आणि क्षणभर झाडं नसलेल्या त्या रस्त्यावर सावली होती.

३१ तारीख, सोमवार

चारही दिवसांचे कागद जुळले. नकाशेबाई म्हणाल्या, बैठक पुढच्या महिन्यात आहे, मी काही कबूल करत नाही. दोरा अजून लोंबतोच आहे, पण खालचं टोक त्यांनी एका टाचणीला अडकवलंय, चढणीच्या पायथ्याशी, जिथे माझं स्टूल असतं. वाटीतली उरलेली माणसं मला चिकटवायला दिली. संध्याकाळ होईपर्यंत चिकटवत होतो. सगळी चढणारी लावली.

मग दादाला फोन केला. सगळं सांगितलं, शेळ्यांच्या मोजणीपासून. तो मध्ये एकदाही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, दादा, आठ होत नाहीत. खोली आणि जेवण जाऊन अर्ध्याहून कमी उरतात. विसार बुडाला तर माझ्यामुळे.

मागे ती शेळी ओरडली, शेवटी आवाज खाली सोडून.

मग तो म्हणाला, “तो शिंपी पोचला का घरी?”

मी म्हटलं, “पोचला.”

“बरं झालं.” घसा साफ केला. “विसारवाल्याचं मी बघतो. तू खाऊन घे.” आणि फोन ठेवला. नेहमीसारखा, माझं ‘हो’ म्हणून व्हायच्या आत.

आता पैसे पाठवायचा कागद भरतोय. पाठवणाऱ्याचं नाव. घेणाऱ्याचं नाव. नातं: मोठा भाऊ. रकमेच्या चौकटीत हाताला आठ लिहायची सवय झालीय, महिनाभर मनात तेच गिरवलंय. पेन उचललं, पुन्हा टेकवलं. तीन हजार आठशे पन्नास.